दोरी कपड्याबरोबर परत

यमुनाबाई माप घेताना बोलत नाहीत. देवासला टेकरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवणाची आठ-दहा दुकानं आहेत. बहुतेक ठिकाणी मास्तर टेप लावतो, आकडा मोठ्यानं सांगतो आणि मशीनवरचा दुसरा कोणी तो लिहून घेतो. यमुनाबाईंकडे तसं कधी झालं नाही. त्या टेप लावतात, आकडा बघतात, टेप गळ्यात अडकवतात, वहीपाशी जाऊन लिहितात आणि वही मिटून टाकतात. समोरच्या बाईनं विचारलंच, "वाढलंय का हो?" तर त्या म्हणतात, "कापड पुरेल." पुढे काही नाही.

ही रीत सासऱ्यांची. त्यांचे आजोबा दरबारचे शिंपी होते, देवासला दोन राजगाद्या होत्या तेव्हाचे. आतल्या बायका शिंप्यासमोर येत नसत. आतून एक सुती दोरी यायची, गाठी मारलेली. पहिली गाठ छातीची, दुसरी कमरेची, तिसरी बाहीची. त्या गाठींवर चोळी बेतायची, आणि चोळी झाली की दोरी तिच्याबरोबर घडी करून आत पाठवायची. ज्याच्या घरी दोरी राहिली, त्याला पुन्हा बोलावणं येत नसे. सासरे तुकाराम हे सांगताना हात थांबवून सांगत. म्हणत, माप आपलं नसतं, बाई, आपण ते कामापुरतं मागून घेतो.

दोरीच्या जागी पुढे वही आली. ती काही कोणाला परत देता येत नव्हती, म्हणून यमुनाबाईंनी आपल्यापुरते नियम केले. एका बहिणीचं माप दुसरीला सांगायचं नाही. नवऱ्याला तर नाहीच. एकदा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला नकळत ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या एका भल्या गृहस्थाला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. आणि एखादी गिऱ्हाईक वारली, की तिचं पान काढून चुलीत घालायचं. गॅस आल्यावर पणतीवर जाळू लागल्या.

गेल्या वर्षी छत गळून वहीची दहा पानं भिजली. अक्षरं पसरली, आणि दहा बायकांना पुन्हा बोलावून मापं घ्यावी लागली. तेव्हा सून गुड्डी म्हणाली, "आई, वही फोनमध्ये टाकून देऊ. फोन हरवला तरी नवीनमध्ये सगळं वापस येऊन जातं." गुड्डी हुशार मुलगी. सासूचे डोळे थकल्यावर कटिंग तिनंच हातात घेतलं होतं. दोरे-बटणांच्या दुकानात कोणीतरी तिला शिवणकामाचं एक अ‍ॅप दाखवलं होतं. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि माप ठेवता येई, कपडा झाला की निरोप आपोआप जाई, आणि त्याला पैसाही पडत नव्हता. त्याचं नाव इंग्रजी होतं. यमुनाबाई त्याला फुकटवालं म्हणत.

अडचण एकच होती. गुड्डीचं शिक्षण सगळं हिंदीत, त्यात यमुनाबाईंचं किरटं अक्षर आणि 'मुंढा', 'घेर' असल्या शिंपीकामातल्या खुणा. अर्ध्या पानावर ती अडे. शेवटी तीन दुपारी दुकानाचं दार लोटून सासू वही वाचायला बसली आणि सून फोन तिच्या तोंडाजवळ धरून बसली. फोन बोललेलं लिहून घेत होता. गुड्डीला त्याची मजा वाटत होती, आणि खरं सांगायचं तर यमुनाबाईंनाही. अडतीस वर्षांत जो आकडा कधी ओठांवर आला नव्हता, तो त्या धडा वाचावा तसा एकामागून एक वाचत गेल्या. दार लावलेलं होतं आणि ऐकायला घरचंच माणूस होतं. यात काही वावगं आहे, असं मनातही आलं नाही.

बकुळाताईंच्या पानावर मात्र त्यांचा आवाज उतरला होता. बकुळाताई शाळेत गणित शिकवत. अकरा वर्षांपूर्वी इंदूरला त्यांचं ऑपरेशन झालं होतं. लोकांना सांगितलं पित्ताशयाचं. खरं काय ते यजमानांना ठाऊक होतं, धारच्या थोरल्या बहिणीला, मधुवंतीला, आणि यमुनाबाईंना. यजमान आता नव्हते. पानावर मापांखाली एक ओळ होती: डावीकडे आतून कप्पा, कापूस. त्या कप्प्यामुळे अकरा वर्षं बकुळाताई वर्गात फळ्याकडे वळून निःशंक उभ्या राहिल्या होत्या. यमुनाबाईंनी ती ओळही वाचली, जरा हळू. फोननं ती न चुकता लिहून घेतली.

महिन्याभरात दोन-तीन बायका हसत सांगून गेल्या, फोनवर वजन उतरवायच्या पावडरींच्या जाहिराती फार येऊन राहिल्यात, जसं काही कोणी टेप लावून बघितलं. यमुनाबाईही हसल्या.

मग एका बुधवारी बकुळाताई आल्या. भाच्याचं, मधुवंतीच्या धवलचं लग्न रविवारी धारला होतं आणि त्यांचा जांभळा ब्लाउज मशीनवर होता. म्हणाल्या, तो राहू द्या आता, घाई नाही. मी जात नाहीये. यमुनाबाईंनी स्टूल पुढे केलं. गुड्डी आत होती. बकुळाताईंनी फोन काढून समोर धरला. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, 'बकुलाजी, ऑपरेशन के बाद भी वही फिटिंग,' आणि खाली ब्लाउजात एका बाजूला भरायच्या गादीचं चित्र. चार दिवस हेच येत होतं. सोमवारी तर शाळेत, फोन दुसऱ्या बाईंच्या हातात असताना आलं.

"तीनच माणसांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "एक गेलं. दुसऱ्या तुम्ही. राहिली ताई. सारखी नातेवाइकांत फोन घेऊन बसते. कुठं ना कुठं लिहिलंच असणार तिनं. काल सांगून टाकलं तिला, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"रडली. रडणारच."

हे त्या फुकटवाल्यातून गेलं, यमुनाबाईंच्या तेव्हाच लक्षात आलं. पावडरीचंही आलं. पण जीभ उचलली नाही. दुसऱ्या तुम्ही, हे बकुळाताईंनी इतक्या सहज म्हटलं होतं की त्या गणितात शंकेला जागाच नव्हती. यमुनाबाई नुसत्या मान हलवत राहिल्या आणि बकुळाताई गेल्या.

नंतर त्यांनी गुड्डीला विचारलं. गुड्डीनं फोन उघडला आणि बराच वेळ वाचत बसली. अ‍ॅपच्या बारीक अक्षरातल्या अटी तिनं पहिल्यांदाच वाचल्या होत्या. सुरुवातीला नुसतं 'मंजूर' दाबलं होतं. हळूहळू तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकांची माहिती आमच्या भागीदार कंपन्यांना देऊ शकतो, असं त्यात होतं. तिनं सगळी नावं पुसली, खातं बंद केलं. त्यावर उत्तर आलं की दिलेली माहिती सेवा सुधारण्यासाठी काही काळ ठेवली जाईल. तिनं तक्रार लिहिली. क्षणात आभाराचा निरोप आला, आपलं मत आम्हाला मोलाचं आहे.

"यांचं दुकान कुठं आहे?" यमुनाबाईंनी विचारलं. "मी जाऊन मागते."

"दुकान नाही ना, आई. माणूसच नाहीये कोणी तिथं."

"म्हणजे दोरी त्यांच्याकडेच राहिली."

गुड्डी रडवेली होऊन म्हणाली, चूक माझी आहे, मीच सांगते जाऊन. यमुनाबाई म्हणाल्या, तू फोन धरला होतास. वाचलं मी.

गुरुवारी सकाळी त्यांनी ब्लाउजची हुकं लावली, डावीकडचा कप्पा नेहमीपेक्षा बारीक टाक्यांनी शिवला, वहीतलं पान पट्टी धरून काढलं आणि दोन्ही कागदात गुंडाळून बकुळाताईंच्या घरी गेल्या. हे एकदा बाहेर पडलं की देवासमध्ये कोणती बाई आपल्यापुढे हात वर करून उभी राहील, हा विचार वाटेत आलाच. पण धारला एक बहीण विनाकारण रडत होती, आणि रविवारला तीनच दिवस होते.

चहा नको म्हणाल्या. उभ्यानंच सांगितलं, त्या तीन दुपारींचं सगळं, आवाज हळू केला होता तेही. "मधुताईंनी काही केलं नाही. माझ्या तोंडून गेलं."

बकुळाताईंनी पुडकं सोडून पान हातात घेतलं. जुन्या शाईवर नवी शाई होती. अकरा वर्षांत चार वेळा बदललेली मापं, आणि खाली ती एक न बदललेली ओळ.

"काल का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"भ्यायले."

"मी रात्रभर ताईला काय काय म्हणाले मनात."

बकुळाताईंनी पानाची घडी केली, कपाटात ठेवली, किल्ली फिरवली. मग त्या तिथंच उभ्या राहून धारला फोन लावू लागल्या. यमुनाबाई जायला निघाल्या तर हातानं थांबवलं, म्हणजे थांबाच. पलीकडे पहिल्यांदा कोणी उचललं नाही. दुसऱ्यांदा उचललं. बकुळाताई म्हणाल्या, "ताई, मी चुकले," आणि पुढचं खिडकीकडे तोंड करून बोलल्या. फोन ठेवल्यावर ब्लाउज उलगडून त्यांनी कप्प्याच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. यमुनाबाईंना उत्तर काय ते एवढंच.

रविवारी बकुळाताई धारला गेल्या. मधुवंतीताई एक दिवस नीट बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलल्या, असं नंतर कळलं. फोनवर त्या गादीची जाहिरात अजून येते. नंबर बदलूनही आली.

यमुनाबाईंनी बाकीच्या बायकांनाही सांगितलं, एकेकीला, कपडा न्यायला आली तसं. दोघी पुन्हा फिरकल्या नाहीत. एकीनं त्यांना घरच्यांसमोर नको ते ऐकवलं आणि दोन महिन्यांनी साडीला फॉल लावून घ्यायला आली. आता मोठी वही नाही. माप सुट्या कागदावर लिहितात, आणि कपडा देताना तो कागद त्याच्या घडीत घालून देतात. बायका तो हरवतात. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं येऊन म्हणतात, "अहो, कुठं ठेवला कोण जाणे."

मग गुड्डी टेप काढते. आकडा बघते, टेप गळ्यात अडकवते, टेबलाशी जाऊन लिहिते. तोवर फोन आतल्या खोलीत, तांदळाच्या डब्यावर असतो.