दुपारच्या बसचा पहारा

ताईला परत आणायचं, एवढं एकच ठरवून मी निघाले होते. प्रवासवर्णन लिहायचा विचार तेव्हा डोक्यात असता, तर निदान बऱ्या चपला तरी घातल्या असत्या.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. मी नारायण पेठेत एकटी राहते आणि ती वाघोलीच्याही पुढे, आत, शेतात उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत एकटी राहते. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही फ्लॅट बघायला जाणार, आणि तिथले भाव आधीच आभाळाला टेकलेत.) भाऊजी गेले, मुलगा परदेशात. गेल्या पावसाळ्यात ताईचं मनगट मोडलं आणि स्कूटर सुटली, ती तेव्हापासून शहरात फिरकलीच नव्हती. रिक्षावाले तिच्या गावाचं नाव ऐकूनच मान फिरवतात. मी फोनवर रोज एकच लावून धरलं होतं, वीक तो फ्लॅट आणि ये माझ्याकडे. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आमची दुपारची बस बंद पडली की येते. महिनाअखेरीला ठरणार आहे त्यांचं."

ही दुपारची फेरी तिकडे बोलीवर सुरू झाली होती. माणसं चढली तर ठेवणार, नाहीतर गाडी दुसरीकडे नेणार. आता माळरानावर, भर दुपारी, बसमध्ये चढणार कोण? चिटपाखरूही नाही. मी त्याच संध्याकाळी आतल्या खोलीसाठी नवा पलंग घेऊन टाकला आणि ताईला तसं कळवलंही.

माळावर राहायला जाणाऱ्यांबद्दल माझं मत तसं फारसं गोड नव्हतं, हेही सांगून टाकते. स्वस्तात घरं हवीत म्हणून शेतात जायचं यांनी, आणि रस्ते, पाणी, बस मागायची आमच्या करातून! हे मी चार लोकांत मोठ्या आवाजात बोललेली आहे.

तर जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी मंडईत जाऊन भरपूर मटार घेतले. ताईला तिकडे कुठले मिळायला! आणि तिथूनच मेट्रोला खाली उतरले. पेठेत राहून मी मेट्रोत पहिल्यांदाच बसत होते, हे वाचून हसायचं त्यांनी हसून घ्या. एक जिना उतरले, दुसरा उतरले, तरी गाडी दिसेना. अगं बाई, किती खाली! ज्या मंडईत कोथिंबिरीची जुडी चारदा उलटीपालटी करून घेण्यात माझा जन्म गेला, तिच्या पोटाखाली एवढा लखलखीत, थंडगार महाल उभा आहे, आणि वर वांगी विकणाऱ्याला त्याचा हादराही नाही. मी पिशवी घेऊन नुसती बघत उभी राहिले.

"अहो, जिना आपोआप चालतो," मागून एक गृहस्थ म्हणाले. "पण तुम्ही वाट सोडलीत तर आम्हीही चालू."

पुण्यात आहोत याची खात्री पटली. बाजूला झाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सिव्हिल कोर्टला उतरून गाडी बदलायची. तिथे पाताळातून थेट आभाळात चढायचं असतं, सरकते जिने संपतच नाहीत. गुडघे कुरकुरत असतील तर लिफ्ट शोधा, उगाच मानापमान करू नका. पुढे रामवाडीपर्यंत बसायला जागा मिळते आणि नदीवरून जाताना मोबाइल खाली ठेवलात तर शहर दिसतं. रामवाडीला खाली उतरून नगर रस्त्याची बस. सुटे पैसे ठेवा, पाणी ठेवा आणि घड्याळ पिशवीत ठेवा. या रस्त्यावर गाड्या चालत नाहीत, सरकतात. पण खिडकीतून जे दिसतं ते बघून माझी तक्रार घशातच राहिली. इमारतीमागे इमारत, तिच्यामागे क्रेन, क्रेनमागे पुन्हा इमारत. आमचं पुणं मला वाटायचं स्वारगेटला सुरू होतं आणि खडकीला संपतं. इथे तर संपायचं नावच नाही. एवढी माणसं रोज सकाळी कशी निघत असतील, कशी पोचत असतील, या विचारानेच मला गरगरलं.

वाघोलीला उतरून भेळ खाल्ली. झकास होती, मटकी भरपूर घालतात. मग ती दुपारची बस शोधली. छोटी गाडी कोपऱ्यात उभी होती. रिकामी असणार, या खात्रीने मी जवळजवळ आनंदातच चढले.

आत दहाबारा बायका आणि तीन आजोबा! कोणी स्वेटर विणतंय, कोणी पोथी वाचतंय. एकीने माझी मटारची पिशवी बघितली आणि सरळ हात पुढे केला, "द्या इकडे, सोलून होतात जाईपर्यंत." या ढोकेबाई, मूळच्या यवतमाळच्या, मुलाच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. बघता बघता अर्ध्या बसच्या मांडीवर माझे मटार.

"सालं खाली पडली तर उचलायला लावीन," कंडक्टर बाई म्हणाल्या. बहुधा रोजचंच असावं, कारण एका आजोबांनी लगेच कापडी पिशवी पुढे धरली.

"आज पहारा कोणाचा होता हो?" मागून कोणीतरी विचारलं.

"आमचा. उद्या बी विंगचा."

मला काही कळेना. मी पेठेतून निघालेय आणि कोणाची बहीण ते ढोकेबाईंना सांगितलं आणि विचारलं, पहारा कसला?

"काहून, तुम्हाला ताईंनी सांगितलं नाही?" त्या हसल्या. "बसचा पहारा जी!"

हे नीट सांगायला हवं. त्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. मग गावकरी पाळी लावून घेतात. एकाने गळ्यातून काढली की दुसऱ्याने घालायची, रात्र असो की भर दुपार. या पाळीला पहारा म्हणतात. बस बोलीवर आहे आणि दुपारी रिकामी धावते, हे कळल्यावर सोसायटीत सभेवर सभा झाल्या, निवेदनं लिहायचं ठरलं, भांडणंही झाली. तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याने सुचवलं, वीणेसारखा पहारा लावा की. म्हणजे काम असो नसो, पाळी आली की तिकीट काढून वाघोलीपर्यंत जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं. गाडी रिकामी म्हणून दिसता कामा नये. आणि ही माणसं खरंच ते करत होती. उन्हातून, गुडघे धरून, नातवंडांना झोपवून.

तोंडात बोट घालायची वेळ आली, दुसरं काय! मी अशा किती सभांना गेले असेन, किती निवेदनांवर सह्या केल्या असतील. बसच्या बाजूने बसमध्ये जाऊन बसायचं, हे कधी कोणाला सुचलं नाही.

"तिकिटाच्या पैशांत गाडीचा खर्च निघतो का पण?" मी कंडक्टर बाईंना विचारलं. जरा खोचकच.

"कुठेच निघत नाही, बाई. तुमच्या पेठेतल्या गाडीचाही नाही. वरची भर सगळीकडेच घालावी लागते," त्या म्हणाल्या. "फक्त रिकामी गाडी आधी डोळ्यांवर येते. तुम्हाला कुठलं देऊ?"

"मी पाहुणी आहे. मीही मोजली जाणार का?"

"मोजणार की. तिकीट काढलं की माणूस."

म्हणजे मी माझ्याच विरुद्ध तिकीट काढत होते! क्षणभर हात थांबला, हे कबूल करते. मग मांडीवरच्या मटारांकडे बघितलं आणि पैसे पुढे केले.

रस्त्याचं काय वर्णन करू. सुरुवातीला रुंद, सिमेंटचा, मध्ये दुभाजक, दुभाजकात दिव्यांचे खांब. आणि मग अचानक समोर हरभऱ्याचं शेत. रस्ता संपला! पुढच्या पट्टीतल्या जमिनीचा मोबदला द्यायला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तिथेच अडलेला. मी दचकून समोरचा दांडा धरला, तर ड्रायव्हरने शांतपणे गाडी डावीकडच्या जुन्या गाडीवाटेवर उतरवली. कोणीही वर बघितलं नाही. हादऱ्याला सगळ्यांनी फक्त मटार धरले.

शेवटच्या थांब्यावर बस एका गोल, सारवल्यासारख्या सपाट जागेत वळली. बाजूला ज्वारी, पलीकडे चौदा मजले. ते सोपानअण्णांचं खळं. बस वळवायला जागा नाही म्हणून गाडी गावात येत नव्हती, तेव्हा अण्णांनी शेताच्या कडेचं आपलं खळं देऊन टाकलं. पहारा सुचवणारा म्हातारा हाच. ताई मला घ्यायला तिथेच उभी होती, हातात काठी. तिने ओळख करून दिली आणि माझ्या तोंडातून पेठेतला प्रश्न निघालाच.

"अण्णा, इथल्या जमिनीचा भाव माहीत आहे ना तुम्हाला?"

"हाय की," अण्णा म्हणाले. "म्हणून तर दिली. फुकाची असती तर कुणीबी दिली असती."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ज्वारीकडे बघितलं.

अण्णांनी हुरडा दिला, आणि शेतातले मटारही. मी मंडईतून मटार वाहून आणलेत हे कळल्यावर ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी ताईच्या गच्चीवर हुरडा खात बसलो. सूर्य शहराच्या बाजूला उतरत होता आणि त्या उजेडात ते सगळं पसरलेलं पुणं, टेकड्यांपर्यंत, एकसारखं तांबूस. मला एकदम भरून आलं. एवढं मोठं गाव आपलं, आणि मी त्याच्या एका कोपऱ्यात बसून हिशोब मागत होते.

"तुझ्या करातून आमचे रस्ते ना?" ताई म्हणाली. ती विसरत नाही. "मेट्रोने आलीस. त्या बोगद्याला आमचाही कर लागलाय, बरं का. खाली उतरताना थँक्यू म्हणालीस का?"

"ताई, तू माझ्याकडे ये ना गं," मी म्हणाले. टोमणा बाजूला राहिला, खरं तेच तोंडातून आलं. "मला घर खायला उठतं."

 माझ्या हातावर हुरडा ठेवत ती म्हणाली, "बस गेली तर येणार. मी बोलले ना? पण तोवर पहारा सोडायचा नाही. उद्या माझा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्याच बसने निघालो. तिने चांगली इस्त्रीची साडी नेसली होती. वाघोलीला मी उतरले आणि सवयीने तिला हात द्यायला वळले, तर ती जागेवरच.

"अगं, मला परत जायचंय ना," ती खिडकीतून म्हणाली. "माझी अर्धी पाळी बाकी आहे."

गाडी वळली. खिडकीत ताई ताठ बसली होती. मला तिचा राग आला, अभिमान वाटला आणि रडूही आलं, सगळं एकदमच. शेजारी उभ्या एका मुलीने विचारलं, "काकू, काही हवंय का?" मी म्हटलं, हो, रामवाडीची बस.

घरी आले. नव्या पलंगावर चादर घातलेली होती, ती मी काढून ठेवली. मंडईत, मेट्रोत, बसमध्ये, जिथे जाईन तिथे डोक्यात तेच. हा जिना कोणी पेलला, हा रस्ता कोणाच्या शेतातून गेला. "गाव करी ते राव न करी" ही म्हण शाळेत कल्पनाविस्ताराला आली होती. तेव्हा पूर्ण गुण मिळाले होते मला, कळलं काहीच नव्हतं.

महिनाअखेरीला ताईचा फोन आला. "राहिली गं बस! कायमची!" मागे ढोकेबाईंचा आवाज येत होता, अण्णा पेढे वाटत होते म्हणे. मी "अभिनंदन" म्हणाले. फोन ठेवल्यावर आतल्या खोलीकडे बघवेना. पलंग विकून टाकायचं ठरवलं, आमच्या पेठेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात ताई, काखेत झोळी, हातात काठी, दुसऱ्या हातात अण्णांच्या मटारची पिशवी.

"तू?" मी म्हटलं. "न सांगता? एवढ्या दिवसांत कधी आली नाहीस ती!"

"आले असते तर तू परत सोडलं असतंस का मला?" ती चपला काढत म्हणाली. "आता परत जायला उद्या दुपारची बस आहे माझी. पलंग कुठाय तो?"

ग्रुपवरचा फोटो मी त्याच मिनिटाला काढून टाकला.