उजव्या पायाचा अंगठा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर दुकानातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असतात. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका.

मंठ्याला माझं आडतीचं दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. बापाची इस्टेट नव्हती, कोणाचा हात नव्हता. भावात मी कोणाला ऐकत नाही, डोकं लवकर फिरतं, तोंडात शिवी तयार असते. पण माझ्या काट्यावर कोणी शंका घेत नाही. एकानं घेतली होती एकदा — त्याचं पोतं मी रस्त्यावर फेकलं. इतका राग का आला असेल मला? तिकडेच येतोय.

आधी माझी बाजू. हो, मलाही बाजू आहे, आणि ती मी अजून सोडलेली नाही. जालन्याला कॉलेजात असताना मी कबड्डीच्या संघात होतो. पहाटे मोंढ्यात हमाली करायचो, म्हणून सरावाला उशीर व्हायचा. एक दिवस संघाचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोती उचलणाऱ्यानं पोतीच उचलावीत." शेजारी दिगंबर उभा होता. माझ्याच गावचा, माझ्याच खोलीत राहणारा, संघाचा कॅप्टन. त्याला ठाऊक होतं मी हमाली का करतो ते. त्यानं तोंड उघडलं नाही. एक शब्द — एवढाच पाहिजे होता मला. मी कॉलेज सोडलं आणि एका जिनिंग कंपनीत मापाडी म्हणून रोजंदारीवर लागलो.

कंपनीचाही संघ होता; मी त्यात खेळू लागलो. दर वर्षी संक्रांतीनंतर कंपनीच्या आवारात कॉलेजविरुद्ध कंपनी असा सामना व्हायचा, वजनगटाचा. ठरलेल्या किलोच्या वर भरला की खेळाडू बाद. मालक स्वतः खुर्ची टाकून बसायचे आणि ज्याचा खेळ आवडेल त्याला कायम नोकरी द्यायचे. त्या वर्षी जागा एकच होती. ती दिगंबरची, हे सगळे धरूनच चालले होते. त्याची चढाई बघायला लोक भिंतीवर चढून बसायचे.

वजनं व्हायची आमच्या कापसाच्या काट्यावर. आणि काट्यावर कोण? — मी. खेळणाराही मीच, मापणाराही मीच. तेव्हा कोणाला त्यात वावगं दिसलं नाही.

तोवर काट्याच्या खोड्या मला कळल्या होत्या. शेतकऱ्याचा कापूस कमी दाखवायचा तर गाठोड्याला खालून गुडघ्याचा आधार द्यायचा. जास्त दाखवायची वेळ कधी येत नसे. खरेदी करणारा कशाला जास्त दाखवील? ती वेळ मी आणली.

दिगंबर दोन दिवस उपाशी होता. ओठ फुटलेले, गाल आत गेलेले. काट्यावर चढला आणि माझ्याकडे बघून हसला. मी दांडीपाशी उभा होतो, अनवाणी. पायजम्याची मोहरी लांब होती. उजव्या पायाचा अंगठा मी फळीच्या कडेवर टेकवला — आणि दाबला.

दांडी वर गेली — वजन जास्त.

"असं कसं? काल गिरणीवर तर बराबर भरल्तो!"

"पिठाच्या गिरणीचा काटा काय काटा असतो का रे? रात्री काय हाणलं, ते सांग की सगळ्यांला!"

माझ्या या बोलण्यावर लोक खदाखदा हसले. सर म्हणाले, "अजून वेळ आहे. पळ." आणि मी काय केलं? — अंगातला माझा स्वेटर काढून त्याला दिला. "दोन घाल, जल्दी घाम निघंल." तो म्हणाला, "तूच कामाला आला गड्या."

कापसाच्या ढिगांभोवती तो भर उन्हात पळत राहिला. दुसऱ्यांदा काट्यावर चढला तेव्हा मी पाय लांब ठेवला. दांडी दाणकन खाली पडली. एवढं वजन कसं उतरलं, हे कोणीच विचारलं नाही.

शेवटच्या चढाईत परतताना, मध्यरेषेच्या अलीकडेच, त्याच्या पोटऱ्यांना पेटके आले. घोटा मी धरला. असे कितीतरी घोटे धरलेत मी — माणूस माशासारखा तडफडतो. त्याच्या पायात ओढच नव्हती. तोंडातलं कबड्डी-कबड्डी मधेच थांबलं. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जागा मला मिळाली. तिथंच मी भाव शिकलो, माणसं शिकलो. हे दुकान त्यातूनच उभं राहिलं.

दिगंबर गावी शेती करतो. पुन्हा मैदानात उतरला नाही. पण गाव विसरत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न होतं. नव्या व्याह्यांच्या पंगतीत कोणीतरी ओरडलंच, "दिगू, पुरी बेतानं रे, वजन भरंल!" तो हसला. मग ताट हळूच सरकवून उठला. आणि मी? सगळ्यांबरोबर हसलो. ती थट्टा माझ्याच तोंडून सुटलेली.

यंदाही तो सोयाबीन घेऊन आला. भावासाठी तासभर भांडला. पोती काट्यावर चढली तसा पाठ फिरवून चहाकडे निघाला. नवा हमाल म्हणाला, "मामा, वजन तर बघून घ्या."

"याच्या काट्यावर काय बघायचं? अरे, एका खोलीत राह्यलेल्या दोस्ताला यानं सूट दिली न्हाई. तुला-मला काय फसवंल?"

हे तो सगळ्यांना सांगतो. मोंढ्यात, लग्नात, जीपमध्ये. माझ्याकडे माल येतो तो त्याच्या या बोलण्यावर.

मी हमालावर उगीच खेकसलो.

सर जे बोलले ते मी विसरलेलो नाही. दिगंबर गप्प राहिला, तेही नाही. पण तो गप्प राहिला होता. अंगठा मी दाबला होता.

त्या दिवशी त्याचं वजन बरोबर होतं.