गळ्यातली थोरली

सात वर्षं मी रोज सकाळी रोमच्या एका राजाला हळदीकुंकू लावत होते. हे मला कळलं तेव्हा मी तेरच्या एका टेकाडावर भर उन्हात उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. एरवी माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारावं.

मला बिजवराला दिलेली. यांची पहिली बायको मानमोडीच्या साथीत गेली, तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. त्याच पंधरवड्यात थोरलीचं, त्या पहिलीचं, माहेरही साफ बुडालं. आई, बाप, भाऊ, कुणी म्हणून उरलं नाही. वर्षभराने मी सोलापुरात या घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या गळ्यात सवत बांधली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे तिचा जीव शांत राहतो, अशी आमच्याकडे रीत. सोनार एरवी पत्र्यावर बाईसारखं काहीतरी ठोकून देतो, नाकडोळे समजून घ्यायचे. माझ्या गळ्यातली तशी नव्हती. जाड सोन्याची, कोंदणात बसवलेली, आणि तिच्यावर बाजूने दिसणारा चेहरा अगदी जिवंत. कपाळापासून थेट निघालेलं सरळ नाक, भरलेली हनुवटी, केसांत पानांची वेणी आणि वेणीची गाठ मानेवर.

“तिचाच चेहरा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “सोनारापुढे बसून सांगून घडवून घेतला.”

मी तिला भ्यायचे. नवं लुगडं आलं की घडी मोडायच्या आधी तिला दाखवायचे, पहिला घास तिच्यापुढे धरायचे. अंगात कणकण आली तरी वाटायचं, हिचंच काहीतरी बिनसलंय. आणि खरं सांगायचं तर मी तिच्या नाकावर जळायचे. माझं नाक बसकं. आरशात बघताना टाक हाताला लागला की आरसा पालथा करून ठेवायचे.

मुलीचं मात्र निराळं होतं. आंघोळ झाली की ती माझ्यापुढे उभी राहायची, मी पदराखालून टाक काढायचे आणि ती बोटाच्या टोकाने थोरल्या आईला कुंकू लावायची. मग आपलं नाक चिमटीत धरून खाली ओढायची, म्हणजे ते आईसारखं सरळ होईल. सणाला इतर मुली अबोलीचा गजरा मागत, हिला पानांची वेणी लागे. घरात तिच्या आईचा फोटो नव्हता, लुगडं राहिलं नव्हतं, तिच्याविषयी बोलणारं माणूस नव्हतं. सासूबाईही गेल्या होत्या. तिच्याकडे आईचं होतं ते एवढंच, माझ्या गळ्यात लोंबणारं.

त्या वर्षी यांच्या शाळेतल्या मास्तरांनी तेर पाहायला जायचं ठरवलं. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे मोठं शहर होतं, आपल्याकडचं कापड तिथून रोमला जात होतं, असं कुणीतरी मासिकात वाचलं होतं. हे धरून चार मास्तर, बरोबर मी आणि मुलगी. बाकीच्या बायका म्हणाल्या, निजामाच्या मोगलाईत जाऊन दगडमाती काय बघायची. मी म्हटलं, घरात तरी दुसरं काय बघते. कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीकडच्या छोट्या गाडीत बसलो. ती इतकी सावकाश चालते की मुलीने विचारलं, आपण उतरून पुढे चालत जायचं का.

तेरला एक म्हातारा आम्हाला गाव दाखवायला आला. गुडघ्यावर धोतर, डोक्याला पटका, पायात काही नाही. तरुणपणी कुणी साहेब जुन्या विटा मोजायला आला होता, त्याच्या हाताखाली याने खणायचं काम केलं होतं. साहेब गेला, पण साहेबाचं बोलणं याच्या डोक्यात जसंच्या तसं राहिलं होतं. आमचे मास्तर वहीत लिहून घेत होते, तोही मध्येमध्ये थांबून त्यांची वही भरू देत होता.

“ह्या गावाखाली दुसरं गाव हाय,” तो म्हणाला. “पाय जपून टाका. कुणाच्या तरी चुलीवरच पडतोय.”

मी खरंच पाय उचलला. त्याने आम्हाला विटांचं जुनं देऊळ दाखवलं आणि तिथली एक सुटी वीट पाण्याने भरलेल्या घंगाळात टाकली. वीट तरंगली. गणिताच्या मास्तरांनी ती दोनदा दाबून बुडवली, दोन्ही वेळा ती वर आली, आणि ते हात पुसत बाजूला झाले. पुढे नदीकडच्या टेकाडावर चढलो. पावसाने उघड्या पडलेल्या कडेत राख, खापरं, शंखाचे तुकडे थराथराने दिसत होते. हितं रंगाऱ्याचे हौद, तितं मणी करणारे, तिकडून बैलगाड्या भडोचला, भडोचहून गलबतं रोमला, असं म्हातारा हात फिरवून सांगत होता आणि मला तो बाजार दिसायला लागला होता. मी फार खुशीत होते.

मग त्याने कमरेचं फडकं सोडलं. मणी, हस्तिदंती फणीचा तुकडा, दारूच्या रांजणाचा कान, आणि रुपयाएवढी एक मातीची चकती. तिला वर दोरा ओवायला भोक होतं.

“ही रोमच्या नाण्याची नक्कल,” तो म्हणाला. “सोन्याचं नाणं गळ्यात घालायचं म्हंजे शेटसावकाराचं काम. गरिबाच्या बाया मातीचं करून घालायच्या.”

मुलगी पुढे झाली. चकती हातात घेऊन तिने उन्हाकडे धरली आणि आनंदाने माझ्याकडे वळली.

“ही बघ ना, थोरली आई.”

सरळ नाक. भरलेली हनुवटी. पानांची वेणी, मानेवर गाठ.

म्हातारा हसला. त्यात वाईट काही नव्हतं. “आई कुठली, पोरी. बाप्या हाय की ह्यो. रोमचा राजा. तिकडं राजे पानांचा मुकुट घालत्यात.”

“नाही,” मुलगी म्हणाली. “माझ्या आईच्या गळ्यात आहे. दाखव गं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. दाखवायला नको होतं, आज वाटतं. पण त्या वेळी मला वाटलं, दोन्ही शेजारी धरले की फरक दिसेल आणि म्हाताऱ्याचं हसणं थांबेल. मी पदराखालून टाक काढला. म्हाताऱ्याने तो तळहातावर घेतला, कोंदणाची कड नखाने चाचपली आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

“बाई, हे खरं हाय. लई जुनं. ही कडंची नक्षी न्हाय, अक्षरं हायत. सोनारानं निम्मी झाकल्यात.”

इंग्रजीचे मास्तर वाकले आणि दोन-तीन अक्षरं वाचून दाखवू लागले. त्यांना भारी कौतुक. माझ्या छातीजवळ वाकलेली ती चार डोकी, मध्ये तो राजा, आणि माझ्या कुंकवाचा ताजा ठिपका त्याच्या कपाळावर. मी यांच्याकडे पाहिलं. माणूस खरोखर चकित झाला तर समोर बघतो. हे आपल्या वहाणांकडे बघत होते.

खाली उतरताना मी यांना मागे गाठलं. “तुम्हाला ठाऊक होतं.”

“राजाचं नव्हतं ठाऊक,” हे म्हणाले. “माझ्या आईच्या माहेरच्या पेटीत तो तुकडा होता. तिने कोंदण करून घेतलं, एवढंच. अगं, टाकात कुणाचा खरा चेहरा असतो?”

“मग सोनारापुढे बसून सांगितलं, ते?”

हे भराभर उतरू लागले. माझा असा संताप झाला की पायाखालची वाट दिसेना. सासूबाई जिवंत असत्या तर भांडता तरी आलं असतं. सात वर्षं मी ज्या बाईला भ्याले, जिच्या नाकावर जळले, ती त्या सोन्यात कधी नव्हतीच. आणि पुढे ती मुलगी एकटी चालली होती. तिने नाकाला हात लावला आणि लगेच खाली घेतला. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला नुसती भीती वाटली.

परतीच्या गाडीत मास्तर पुढच्या बाकांवर बसले, आम्ही तिघं शेवटी. यांच्यासमोर मी, यांच्या शेजारी मुलगी. उन्हं कलली होती. मुलगी म्हणाली, “बाबा, मग आई कशी दिसायची?”

मी जीव मुठीत धरून ऐकू लागले. असा प्रश्न आजवर मीही कधी विचारला नव्हता.

“तुझी आई,” हे म्हणाले आणि थांबले. “कपाळ मोठं होतं तिचं.”

मुलीने डोळे मिटून घेतले. एकेक गोष्ट आत नीट ठेवत असावी. “अजून?”

“रंग सावळा. नाक सरळ नव्हतं, जरा बसकं. पण छान दिसायचं. हसली की हनुवटीला खळी पडायची.” यांचा आवाज मोकळा होत गेला. “आणि डाव्या भुवईत एक खोक होती. लहानपणी पडल्याची.”

ती खोक माझी. आमच्या माहेरच्या आडाच्या काठावर मी आपटले होते. मी थिजून यांच्याकडे बघत राहिले. हे खोटं बोलत नव्हते, इतकी वर्षं संसार केल्यावर तेवढं मला कळतं. खिडकीतलं ऊन माझ्या तोंडावर पडलं होतं, यांचे डोळे तिथेच होते आणि तोंडातून येत होती ती थोरली. दोन वर्षांचा त्यांचा संसार, घर माणसांनी भरलेलं, दिवसाउजेडी बायकोकडे बघणारा नवरा निर्लज्ज ठरायचा. यांना ती आठवत नव्हती, आणि आठवत नाही हेही यांना माहीत नव्हतं.

एवढ्या वर्षांत प्रथमच मला थोरलीची कीव आली. मी पदर पुढे ओढला आणि तोंड खिडकीबाहेर फिरवलं.

यांचं बोलणं तिथेच थांबलं.

“अजून, बाबा?” मुलगी डोळे न उघडता म्हणाली. “अजून कशी होती?”

हे माझ्या पदराकडे बघत होते.