यमुनेचं दालन आणि एक्केचाळीस भांडी

कार्डिफच्या जयंत डॉक्टरांची थोरली यमुना कला शिकायला गेली, तेव्हा तिथल्या मराठी मंडळात दोन आठवडे कुजबुज झाली आणि मग सगळ्यांनी तो विषय देवावर सोडला. डॉक्टरांच्या घरात डॉक्टरच व्हायचं, फार तर फार्मसिस्ट, असा त्या वेळचा रिवाज. यमुना खुर्च्यांवर लिहू लागली. खुर्च्यांवर, दाराच्या मुठींवर, बसस्टॉपच्या पाट्यांवर, किटलीच्या तोटीवर. लंडनच्या एका डिझाइन मासिकात तिला नोकरी लागली, वॉटफर्डला घर झालं, आणि बावीस वर्षं ती ट्रेनने जाऊन-येऊन बहुतेक दुसऱ्यांचंच लिखाण नीट करत राहिली. पानभर मजकूर दहा ओळींत बसवायचा आणि लिहिणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपण पहिल्यापासून एवढंच लिहिलं होतं, हे तिचं कसब. त्या कसबाखाली तिचं स्वतःचं नाव कुठे छापलं जात नसे.

दोन वर्षांपूर्वी ते मासिक बंद पडलं. यमुना तेव्हा सत्तेचाळीसची. वर्षभर तिने याचं माहितीपत्रक, त्याचा कॅटलॉग असं करून दिवस काढले. त्या दिवसांत आईकडे कार्डिफला आली असताना, एका दुपारी भांडी पुसता पुसता, तिने एक वाटी पालथी केली. वाटीच्या बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: "चि. सौ. सुमेधास, वन्सं, १२-५-७६."

खरं म्हणजे यमुना मराठी अक्षरं शिकली तीच या भांड्यांवर. पाटी-पेन्सिल कुठली कार्डिफमध्ये? आई पोळ्या लाटायची आणि ओट्यापाशी बसलेली यमुना ताटं-वाट्या पालथ्या करून एकेक अक्षर लावायची. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालायचं. कुणी, कुणाला, कधी. दुकानाबाहेर मशीन घेऊन बसलेला माणूस चार मिनिटांत घालून देतो. पण तेवीस वर्षं वस्तूंवर लिहिणाऱ्या या मुलीच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की या वस्तूंनी आपलं लिखाण स्वतःबरोबर आणलंय.

"आई, ही सगळी भांडी इथे कशी आली?"

"कशी म्हणजे? सुटकेसमध्ये. साड्या कमी घेतल्या," सुमेधाताई म्हणाल्या.

त्या एका उत्तरावर यमुनेने प्रस्ताव लिहिला. कार्डिफमधल्या एका लहानशा गॅलरीने तो घेतला आणि शरदात तिला एक दालन दिलं. हॉस्पिटलांत काम करायला आलेल्या मराठी घरांची नाव घातलेली भांडी; आणि दाराशी, मांडणी करणारीचं म्हणून यमुनेचं नाव. घटस्थापनेनंतरच्या शनिवारी उद्घाटन ठरलं.

भांडी जमवायचं काम वॉटफर्डच्या सुलक्षणाकाकूंनी अंगावर घेतलं. काकू तिथल्या मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या, हळदीकुंकवाची आरास गेली तीस वर्षं त्यांच्याच हातची.

"क्युरेटर म्हणजे नक्की काय करते गं?" त्यांनी विचारलं.

"काय ठेवायचा, कुठे ठेवायचा, त्याच्याजवळ काय लिहायचा ते ठरवते."

"ठेवायचा नाही, ठेवायचं. म्हणजे आरासच की. आम्ही ती फुकट करतो, वर डाळ-पन्हं आमचंच."

काकूंनी मात्र तीन आठवड्यांत एक्केचाळीस भांडी मिळवली. डबे, तपेल्या, एक पितळी गडू, झाकणाची कढई, पेढेघाटी पाच डबे. भांडी देणाऱ्यांसाठी यमुनेने गॅलरीच्या इंग्रजी पत्राचं मराठी केलं. इंग्रजीत होतं की वस्तू रिकाम्या, स्वच्छ आणि कोरड्या असाव्यात. मराठी लिहिताना "रिकामी भांडी द्यावीत" या शब्दांवर तिचा हात थांबला. कसंतरीच वाटलं ते. भरल्या घरातल्या बायकांना असं कोण लिहितं? आणि भांडं प्रदर्शनात द्यायचं तर ते रिकामंच असणार, हे काय सांगायला हवं? तिने तेवढा शब्द काढला, वाक्य वाचून पाहिलं, छान वाटलं, पत्र पाठवलं.

भांडी बुधवारी कार्डिफला पोचली. उद्घाटनाला दहा दिवस होते. गॅलरीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारी बेथन नावाची बाई हातमोजे घालून टेबलाशी उभी होती. तिने पहिल्या डब्याचं झाकण काढलं. आत साखर. दुसऱ्यात तांदूळ. तिसऱ्यात पातळ पोह्यांचा चिवडा, चौथ्यात बेसनाचे सात लाडू, आणि गडूत हळकुंडं. पाचवा डबा पुन्हा तांदळाचा. त्या तांदळावरून एक किडा सावकाश चालत कडेपर्यंत आला.

तिने झाकण लावलं, सगळी खोकी ढकलगाडीवर चढवून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये नेली आणि दार बंद केलं. शेजारच्याच दालनात दुसऱ्या संग्रहालयाकडून आलेले लोकरीचे जुने पडदे होते. खाण्याची वस्तू आत आली की कीड येते, म्हणून अन्नाचा कण दाराच्या आत येऊ द्यायचा नाही, हा त्यांच्या घरचा सोवळ्यासारखा नियम.

संध्याकाळी गॅलरीच्या प्रमुखांची ईमेल आली. सोमवारी चारपर्यंत सगळी भांडी स्वच्छ होऊन, एकेकाची पुन्हा नोंद होऊन बेथनची सही झाली तर ठीक. नाहीतर दालन वेटिंगवर असलेल्या छापचित्रांच्या प्रदर्शनाला जाईल.

यमुनेने काकूंना फोन लावला.

"काकू, भांड्यांमध्ये खाऊ कशाला भरलात?"

"कशाला म्हणजे? रिकामं भांडं देतात का कुणाच्या हातात? त्यात पितृपक्ष. आधीच या दिवसांत नवं काही सुरू करत नाहीत, तुझ्यासाठी केलं. वर रिकामी भांडी घराबाहेर काढायची?"

"त्या लोकांना नाही चालत ते."

"का? काय झालं?"

यमुनेने किड्याचं सांगितलं.

"तांदूळ मालतीबाईंचे असणार," काकू म्हणाल्या. "पण आमची भांडी अंगणात? शेडमध्ये? यमुना, ती सणावारी देवापुढे लागणारी भांडी आहेत. परत पाठव तू. मी सगळ्यांना सांगते."

आणि सांगितलंही. रात्रीच्या जेवणाआधीच चौदा घरांचे निरोप आले, की आमचं भांडं परत द्या.

यमुना आईच्या स्वयंपाकघरात बसून राहिली. सुमेधाताईंनी देवापुढे दिवा लावला, तिच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "पत्रात तू लिहिलं नव्हतंस का?"

"होता इंग्रजीत. मी काढला. वाईट दिसत होता."

"मग चूक तुझी. काकूंची नाही आणि त्या बेथनचीही नाही."

"माहितीये."

"माहितीये तर लिही की. तुझा धंदाच तो."

सुमेधाताईंचं बोलणं असं. औषध कडू आहे हे सांगत बसायचं नाही, चमचा पुढे करायचा. यमुनेने त्याच बैठकीत दोन पत्रं लिहिली. एक बेथनला: शब्द मी गाळला, मुद्दाम गाळला, आणि तो मला का लिहवला नाही ते असं. दुसरं भांडी देणाऱ्या सगळ्या घरांना, मराठीत, आणि ते तिने कुणाकडून तपासून घेतलं नाही. त्यात लिहिलं होतं, की रीत तुम्ही पाळली. मला ती ठाऊक होती म्हणूनच माझा हात तो शब्द लिहिताना अडला, आणि ठाऊक असूनही मी तुम्हाला सावध केलं नाही. तुमची भांडी शेडमध्ये बसली ती माझ्यामुळे. ज्यांना परत हवी त्यांना मी स्वतः घरी आणून देईन. ज्यांना नको, त्यांनी शनिवारी कार्डिफला माझ्या आईकडे यावं. एक्केचाळीस भांडी दोघींच्या हातून सोमवारपर्यंत होणार नाहीत.

बेथनचं उत्तर गुरुवारी सकाळी आलं, चार ओळींचं. धातूला धुण्याने काही होत नाही. मालकांनी आपली वस्तू गॅलरीबाहेर आपल्या हाताने धुतली तर तिची हरकत नाही. शनिवारी ती फॉर्म घेऊन तिथेच येईल. आणि शेवटी, लाडू आता कुणाचे समजायचे?

शुक्रवारी यमुनेने शेडमधली सगळी खोकी आईकडे आणली. काकूंचं उत्तर मात्र तो दिवस उलटला तरी नव्हतं.

शनिवारी पावणेअकराला सुमेधाताईंच्या दाराशी एक मोठी गाडी थांबली. आधी काकू उतरल्या, पाठोपाठ पाच जणी. हातात चिंच, रांगोळीची पूड आणि जुन्या धोतरांची फडकी. गाडीतून इडलीचा डबा काढत काकू म्हणाल्या, "पत्र ठीक होतं. दोन ठिकाणी लिंग चुकलंय. कामाला लागा."

चिंच फक्त पितळेला, स्टीलला साधा साबण, हे बेथनने बजावलं. ते आम्हाला सांगू नकोस, अशा नजरेने सहाही जणींनी तिच्याकडे पाहिलं. एक जण रिती करी, दोघी धूत, दोघी पुसत. जयंत डॉक्टर प्रत्येक भांडं उन्हात वाळवून आत आणत. बेथनला नोंदीत भांड्यावरचा मजकूर हवा होता आणि तो तिला वाचता येईना, म्हणून सुमेधाताई तो मोठ्याने वाचू लागल्या आणि यमुना तिला इंग्रजीत सांगू लागली.

पण नाव वाचून थांबेल तर ती मराठी बाई कसली? "कु. सुलक्षणा हिस, खोली नंबर नऊ, १९८१" असं वाचलं, की काकूंनी नऊ नंबरच्या खोलीतल्या चौघी सांगितल्या, नर्सिंगला होत्या, वर्गणी काढून डबा घेतला, नावांऐवजी नुसता खोलीचा नंबर घातला म्हणून एक जण दोन दिवस बोलली नाही. गडूवर नाव नव्हतंच, नुसती तारीख. "तो आमच्या सासूबाईंचा," काकूंबरोबर आलेल्या मालतीबाई म्हणाल्या. "नाव घालायला पैसे लागतात, तारखेला कमी लागतात."

बेथन हसली तेव्हा तिला फॉर्म बाजूला ठेवावा लागला.

यमुनेच्या पिशवीत तिने काकूंनी पाठवलेल्या फोटोंवरून दोन महिने खपून केलेले, भांड्यांजवळ लावायचे मजकूर होते, प्रत्येक भांड्याला साठ शब्द, मराठीत आणि इंग्रजीत. स्टील कुठल्या कारखान्यातलं, घाट कुठला, डबा हा आकार भारतीय घरात कसा आला. दुपारी तीनच्या सुमारास तिने ते बाहेर काढले आणि एकेक खोडायला घेतले. भांड्यावर काय आहे ते, आणि बाई काय म्हणाली ते, एवढंच ठेवलं. दुसऱ्यांचं लिखाण खोडताना ती कधी अडली नव्हती. आज पहिले तीन कागद तिने दोनदोनदा वाचून खोडले, पुढे हात सुटला.

संध्याकाळी सगळी भांडी टेबलावर ओळीने लागली आणि काकू पुन्हा अडल्या. "ती स्वच्छ झाली हे खरं. पण नवरात्रात रिकामी मांडायची, हे माझ्या मनाला पटत नाही."

बेथनने मान हलवली. त्यात काही ठेवता येणार नाही, एक दाणाही नाही.

यमुनेने काकूंच्या डब्याचा कागद पुढे ओढला आणि खाली एक ओळ घातली: "कार्डिफला आला तेव्हा आत: सात बेसनाचे लाडू." काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"वेलदोडा घातला होता."

"वेलदोड्याचे सात बेसनाचे लाडू," यमुनेने दुरुस्त केलं.

"मग चालेल. पण सगळ्यांना तसंच लिही. मालतीच्या तांदळातला तो किडा तेवढा नको."

सोमवारी तीन वाजून वीस मिनिटांनी बेथनने एक्केचाळिसाव्या फॉर्मवर सही केली. परत मागितलेल्यांपैकी दोघींनीच भांडी नेली आणि तीही सुमेधाताईंच्या म्हणण्याप्रमाणे अष्टमीला लागणारी होती म्हणून. दोन जागा रिकाम्या राहिल्या. तिथे यमुनेने नुसते कागद लावले: हे भांडं सध्या घरी आहे, कामात आहे.

शनिवारी अकराला दार उघडलं. यमुना आत गेली नाही. दालनाबाहेरच्या बोळातच कोट हातात धरून उभी राहिली. आतून आधी नुसती पावलं ऐकू आली. मग एका म्हाताऱ्या वेल्श माणसाचा आवाज आला, तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवत होता: पातळ पोह्यांचा चिवडा, शेंगदाणे जास्त. मग तो पुढच्या भांड्याशी गेला आणि तेही वाचू लागला. यमुनेने कोट खुंटीला लावला आणि ती आत गेली.