टेप धरायला माणूस लागतो

श्री. अनंत पावसकर, म्हणजे आपले अनंतभाऊ, यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांनी शॉकअप बसवून दिलेल्या गाड्या घेऊन सड्याच्या कातळावर नि डोंगरात धावणारी मुलं हा गौरवग्रंथ काढत आहेत. रोजचा जमाखर्च आणि रामनाम, एवढंच माझं लिहिणं, शिक्षण मॅट्रिक. पण मुलं म्हणाली, काकी, शेजार तुमचा, तुम्ही लिहायलाच हवं.

भाऊंचं गॅरेज आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून. तरी ओळख झाली ती माझ्या मुलामुळे, मंदारमुळे. त्याने जुनी डर्टबाईक घेतली नि त्यांच्याकडे नेली. थोड्या वेळाने गडग्यापलीकडून हाक आली, "वहिनी, जरा येता काय? टेप धरायला माणूस लागतो." जाऊन बघते तर मंदार हेल्मेट, बूट, पाठीला पाण्याची पिशवी असा सगळा सरंजाम करून गाडीवर बसलेला आणि भाऊ हँडल धरून उभे. मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मी टेप धरायची नि आकडा सांगायचा. रिकामी गाडी किती उंच नि माणूस बसल्यावर किती दबते, त्यावर ते स्प्रिंग घट्ट किंवा सैल करतात. चालवणारा स्वतः बसल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत. मुंबईहून कुणी फोनवर वजन कळवलं तरी उत्तर एकच, येऊन बस, मग बघू.

मी आईच्या काळजीने म्हटलं, जरा मऊच ठेवा. ते हसले नाहीत. म्हणाले, "मऊ ठेवलं तर उडीनंतर गाडी तळाला आपटेल नि पोराला फेकून देईल. त्याला सांभाळायचं तर थोडं कडक लागतं." मंदार हेल्मेटमधून पुटपुटला, कडक काय ते घरी आहेच की.

त्यांची काटकसर मला फार आवडते. एक मुलगा नवा महागडा शॉकअपच हवा म्हणून हटून बसला होता. भाऊंनी पुढच्या चाकाच्या फोर्कमधलं ऑईल तेवढं बदललं आणि सांगितलं, सड्यावर फिरून ये नि कुठे दुखलं तेवढंच सांग. संध्याकाळपर्यंत त्याची जा-ये चालली होती. नव्या शॉकअपचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे मंदारला परदेशी नोकरी लागली. यजमान आधीच गेलेले. घरात मी, देव आणि पडवीतली ती गाडी. दर रविवारी भाऊ येऊन ती चालू करत, तेवढीच आठवड्यात माणसाची चाहूल. मग मंदारने फोनवर सांगितलं, उभी राहून गंजेल, विकून टाक. त्याचं चुकलं नव्हतं. वापराविना वस्तू ठेवणं मलाही पटत नाही. पण गाडी गेली की भाऊंना आमच्याकडे यायचं कारणच उरणार नव्हतं.

मंडणगडचा एक मुलगा घ्यायला आला. मंदारहून बराच सडपातळ, म्हणजे स्प्रिंग बदलणं आलं. भाऊंनी त्याला चहाला पाठवलं आणि मला म्हणाले, "स्प्रिंग बदलली की ही मंदारची गाडी राहायची नाही. तुम्ही नको म्हणालात तर त्याला परत पाठवतो."

मी देवाचं नाव घेतलं नि म्हटलं, "बदला."

टेप मीच धरली. आकडा दोनदा वाचला, मग सांगितला. भाऊ हँडल धरून उभे राहिले, घाई केली नाही.

पुढच्या रविवारी पडवी मोकळी होती. दुपारी हाक आली. चिपळूणहून कुणाची तरी गाडी आली होती, टेप धरायला माणूस हवा होता. तेव्हापासून गाडी कुणाचीही असो, हाक येते.

मध्यंतरी तो मंडणगडचा मुलगा फळीवरची पेटी बघून म्हणाला, "भाऊ, आम्ही पोरांनी दिलेलं मीटर अजून पेटीतच? चाकाला अडकवलं की आपोआप आकडा दाखवतं. धरायला कुणी लागत नाही."

भाऊ मान वर न करता म्हणाले, "आमच्या वहिनी वाचतात, तेच मला चालतं."

 मी टेप सोडली नाही.

भाऊ स्वतःही एकटेच. स्वतःचा भात स्वतः लावतात, सणालाही कुणाकडे जेवायला जात नाहीत. नैवेद्याचं ताट मी गडग्यावर ठेवते; घासून-पुसून परत येतं.

आंजर्ल्याच्या गणपतीपाशी माझं मागणं आहे, भाऊंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे साथ देवोत, हात स्थिर राहोत. आणि टेपवरचे आकडे दिसतील एवढी तरी नजर मला राहो.