भिंतीतला जुना पाइप

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सक्करदऱ्याच्या आमच्या जुन्या घरात कमोड बसवायचं काम चालू होतं. तिला आता खाली बसता येणार नव्हतं. दोन दिवसांनी ती घरी येणार, आणि प्लंबरनं संडासाची भिंत फोडली तर आत लोखंडी पाइप निघाला, घर बांधलं तेव्हाचा.

बाबा हिंगण्याला कंपनीत मशीनवर आहेत. त्यांनी पाइपावर पाना ठोकला, कान लावला.

“हा आतून सडला गा. वरच्या टाकीपर्यंत पूर्णच काढ.”

“काका, मंग पलीकडच्या खोलीचीबी भिंत फोडा लागन. अजून चार दिवस,” प्लंबर म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “काय म्हणता, इंजिनिअर साहेब?”

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिलं वर्ष चालू होतं, पाइपातलं मला काहीच कळत नव्हतं. पण तोवर मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, जुनं लोखंड जाड असतं, नवा पाइप त्यालाच जोडा.

“अरे, आवाज तर ऐक त्याचा,” बाबा म्हणाले.

“राहू द्या ना बाबा. तुमाले काय समजते त्यातलं?”

प्लंबर हसला. बाबांनी पाना पुसून पेटीत ठेवला.

टाइल्स लागल्या, आई आली. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत ओली झाली आणि दुपारपर्यंत दोन टाइल्स सुटून पडल्या. पुन्हा फोडाफोड, पाणी बंद. आठ दिवस आईला पलंगावरच भांडं द्यावं लागलं. ते बाबा उचलायचे, ड्युटीच्या आधी आणि आल्यावर. ती तोंड फिरवून घ्यायची, आणि त्या लाजेचा राग बाबांवरच काढायची.

“यायनंच जुना पाइप ठेवाले लावला असन. जन्मभर जुन्यावरच भागवलं. पोराले तरी विचाराचं होतं, एवढा शिकून राहिला तो!”

मी तिथंच उभा होतो. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

“हो वं. चुकलं माह्यं,” ते म्हणाले.

नंतर अंगणात ते भांडं धूत होते, तिथं मी गेलो. कसंबसं म्हणालो, “बाबा, चूक माझी होती.”

“मले काहून सांगतं? तिले सांग.”

मी आत गेलो. मावशी भेटायला आली होती आणि आई तिला हेच सांगत होती, यांच्या डोक्यानं चाललं की असंच होते म्हणून. मला पाहून ती थांबली.

“काय रे? काही म्हणत होता?”

माझ्या मागून बाबा येऊन दारात उभे राहिले होते. हातात ते धुतलेलं भांडं.

“नाही. कॉलेजले जातो,” मी म्हणालो.

“जाय बेटा,” आई म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून, “अन् तुमी काय तोंड पाहून राहिले? ठेवा ते पलंगाखाली.”