आईच्या गाऊनची चेन

शनिवार, २१ जानेवारी. संध्याकाळी मी आईच्या घाटकोपरच्या खोलीत तिच्या तीन गाऊनच्या चेन दुरुस्त करायला बसले. समोर पक्कड, जुना टूथब्रश, साबणाची वडी, मेणबत्तीचं टोक आणि किल्लीची एक जुनी रिंग. डोकं इतकं तापलं होतं की आधी तांब्याभर पाणी प्यायले.

दुपारी मुलुंडहून दादाचा फोन आला होता. "आईचं आता काही खरं नाही. या आठवड्यात रक्त तपासायला आलेला माणूस परत गेला, सिलेंडरवाला परत गेला. ही आतून सांगते, उद्या ये. वय झालं, डोकं चालत नाही तिचं. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो आणि तिला कायमची इकडे आणतो."

"तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? कळतंय का तिला?"

आई त्या खोलीत लग्न होऊन आली. वडील गेल्यावरही तिथेच राहिली. दाराबाहेर चार बायका जमवून भाजी निवडणारी बाई दादाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात कोणाशी बोलणार होती? मी अंधेरीहून तशीच निघाले.

बेल वाजवली. "उद्या ये रे बाबा," आतून आवाज. मी ओरडले, "अगं आई, मी आहे, मी!" तेव्हा कडी निघाली. आईने अंगावर टॉवेल, टॉवेलवर ओढणी घेतली होती आणि पुढून गाऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी ओढणी बाजूला केली. गळ्यापासून पोटापर्यंत चेन उघडी, तिला तीन सेफ्टी पिना. एक पिन तिच्या कातडीला टोचून लाल झालं होतं.

"हे कधीपासून?"

"तू चेडू म्हणान सांगतंय. झिलाक, तुझ्या दादाक, कसा सांगू गो, चेन तुटली म्हणान? आणि त्या परक्या माणसासमोर उघड्या अंगान दार उघडू काय?"

बाकीचे दोन गाऊन? त्यांचीही तीच गत. साडी का नाही नेसलीस, हे विचारायची गरजच नव्हती. मागे घरात पडली, तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्यातून वर जात नाही.

म्हणजे बाईची अक्कल शाबूत होती, चेन तुटली होती! डॉक्टर, रिपोर्ट, खोलीला कुलूप इथपर्यंत सगळ्यांचे विचार पोचले, पण दार का उघडत नाहीस एवढं कोणी विचारलं नाही. आणि हे गाऊन विकणारे! म्हाताऱ्या बायकांना सोयीचं म्हणून पुढून चेन लावतात आणि तिचा रनर, म्हणजे दातांवरून सरकतो तो भाग, पत्र्याच्या तुकड्यासारखा. नाक्यावरच्या शिंप्याला तिने शेजारणीकडून एक गाऊन पाठवला होता. त्याने न उघडताच परत दिला. म्हणे, नवीन घ्या.

अंगावरचा गाऊन काढून मी तिला चादरीत गुंडाळलं आणि कामाला लागले. त्या गाऊनचा रनर वर जायचा, पण मागून दात सुटायचे. दातांचा दोष नव्हता, रनर सैल झाला होता. तो तळाशी आणून पकडीने एका बाजूने दाबला, मग दुसऱ्या बाजूने. हलकेच, कारण जोर केला तर तुटतो. चेन मिटली.

दुसऱ्याची चेन अर्ध्यावर अडकून बसली होती. बोटं चिकट झाली तेव्हा वास ओळखला.

"आई, खोबरेल ओतलंस?"

"मग काय ओतू? खोबरेलान सगळा सुटता."

आमच्या घरात खोबरेल केसांना, गुडघ्यांना, दाराच्या बिजागरीला आणि आता चेनलाही. तेलात कपड्याचं सूत आणि धूळ बसून दात लिंपले गेले होते. साबणाच्या पाण्यात टूथब्रश बुडवून घासलं, सुकवलं, मग दोन्ही बाजूंनी मेणबत्ती फिरवली. रनर सरकला. तेलाचा डाग राहिला, राहू दे.

तिसऱ्याच्या रनरला ओढायची पट्टीच नव्हती. आईची बोटं वाकडी झालीत, तेवढं बारीक टोक तिला धरवेना. त्यात रिंग अडकवली, बोट घालून ओढता येईल अशी.

"ओढ बघू."

तिने ओढली. वर, खाली, परत वर. "झकास," म्हणाली. हा शब्द नातवाचा. दादाचा बेत मी तिला आल्याआल्याच सांगितला होता. "पण तो उद्या येतलो ना माका न्यायला?"

"येऊ दे. आणि गाऊन धुताना चेन लावून धुवायचा. उघडी धुतलीस की वाट लागते."

रात्री मी तिथेच राहिले. रविवारी सकाळी दादा आला, हातात मोठी रिकामी बॅग. दार आईने उघडलं. मी बॅग त्याच्या हातातून घेऊन बाहेरच्या बाकड्यावर ठेवली, सेफ्टी पिनांनी भोकं पडलेला गाऊन त्याच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मला काय माहीत?"

"विचारायचंस," मी म्हटलं. "आता खाली बस आणि रक्त तपासणाऱ्याला फोन लाव. त्याला सांग, आई घरीच आहे." आणि त्याने फोन लावेपर्यंत मी तिथून हलले नाही.